गुडघ्याचे सांधेरोपण आणि मांडीतले इंजेक्शन

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या आईच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण पुढील महिन्यात आहे. कमरेतून भूल देणार असूनही मांडीत सोनोग्राफीच्या साहाय्याने आणखी एक इंजेक्शन घ्यावे, असे भूलतज्ज्ञ म्हणतात. त्याची गरज काय? त्याने पाय लुळा तर पडणार नाही ना? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : कमरेतून दिलेली भूल काही तासांत उतरते आणि खरे दुखणे त्यानंतर सुरू होते. ते सुसह्य व्हावे, म्हणून गुडघ्याकडे जाणाऱ्या नसांभोवती (म्हणजे मज्जातंतूंभोवती) बधिरतेचे औषध सोडतात. यालाच ‘नर्व्ह ब्लॉक’ म्हणतात. सोनोग्राफी म्हटले की आपल्याला गरोदरपणच आठवते, परंतु येथे तिचा उपयोग मांडीतली रोहिणी, तिच्या शेजारची नस आणि पुढे सरकणारी सुई पडद्यावर पाहण्यासाठी होतो. त्यामुळे सुई रक्तवाहिनीत शिरण्याचा धोका कमी होतो आणि औषधही कमी लागते.

पाय लुळा पडण्याची आपली शंका अगदीच निराधार नाही. जांघेतील फीमोरल नस बधिर केली, तर वेदना थांबतात, पण मांडीचा पुढचा स्नायूही ढिला पडतो आणि उभे राहताना रुग्ण कोसळू शकतो. म्हणून आता बहुतेक ठिकाणी मांडीच्या मध्यावर ‘ॲडक्टर कॅनल ब्लॉक’ देणे पसंत करतात. तेथील नसा मुख्यतः संवेदना वाहणाऱ्या असल्याने पायातले बळ बरेचसे टिकते. मात्र त्याने गुडघ्याच्या मागच्या बाजूचे दुखणे थांबत नाही, त्यासाठी ‘आयपॅक’ नावाचे वेगळे इंजेक्शन जोडतात. तरीही पहिल्यांदा उभे राहताना वॉकर आणि सोबतीला माणूस हवाच.

एका इंजेक्शनचा परिणाम साधारणपणे १२ ते २४ तास टिकतो. अधिक काळ आराम हवा असल्यास बारीक नळी ठेवून २-३ दिवस औषध देता येते. घरच्या मंडळींची चूक होते ती इथेच. ‘दुखत नाही, मग गोळी कशाला?’ म्हणून औषध टाळले जाते आणि मध्यरात्री बधिरता उतरताच कळा असह्य होतात. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या बधिरता असतानाच, ठरलेल्या वेळी द्याव्यात.

नसेला इजा, रक्त साकळणे किंवा जंतुसंसर्ग क्वचितच होतो. आई रक्त पातळ करणारी औषधे घेत असल्यास, तिला मधुमेहामुळे पायांना मुंग्या येत असल्यास किंवा भुलीच्या औषधाची ॲलर्जी असल्यास ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे. दोन दिवसांनंतरही पाय बधिर किंवा अशक्त वाटला, तर रुग्णालयाला त्वरित कळवावे.