शेवटच्या कडव्यात नाव

चिरंजीव,
सप्रेम जय भीम.

तुझा फोन आला तेव्हा पेटीचा भाता चिकटवत बसलो होतो, नीट बोलता आलं नाही. जयंतीचं गाणं काढायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं, स्टुडिओचा खर्च अंगावर पडला, आता एक कंपनी ठोक पैशात मागतेय म्हणालास. राग रास्त आहे.

माझी कॅसेट निघाली तेव्हा आठ गाण्यांचे ठोक पैसे मिळाले, सही घेतली, विषय संपला. किती खपली ते आजतागायत ठाऊक नाही. पुढे मोबाईल आले. परभणीत बसस्टँडजवळ रिचार्ज मारायला गेलो, तर दुकानातला पोरगा गिऱ्हाइकाचं मेमरी कार्ड भरत होता. फोल्डर ‘नवीन भीमगीते २’. त्यातल्या ‘ट्रॅक ०७’वर टिचकी मारली आणि माझाच आवाज! नाव नाही, गाव नाही. म्हटलं, हा मीच. तो म्हणाला, “काका, भारी म्हणता.” रिचार्जचे पैसे मात्र पुरते घेतले.

अमेरिकेत १९९९ साली नॅप्स्टर निघालं, इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट घ्यायची सोय. गाणी लोकांच्याच कॉम्प्युटरवर, नॅप्स्टरकडे नुसती यादी, कोणाकडे काय आहे त्याची. खटले होऊन २००१मध्ये बंद पडलं, पण एका गाण्यासाठी अख्खी सीडी गळ्यात मारायचा धंदा मोडला तो मोडलाच. आपलं नॅप्स्टर म्हणजे तो कार्ड भरणारा पोरगा. त्याने कंपनीचं बुडवलं. माझं बुडायला होतंच काय? उलट जिंतूर, सेलूकडून कार्यक्रमांच्या सुपाऱ्या यायला लागल्या. अर्थात ज्यांना आवाज कुणाचा ते माहीत होतं त्यांच्याच.

तुझं वेगळं आहे, पैसा तुझ्या खिशातला गेलाय. म्हणून आजच्या आज गाणं स्वतःच्या चॅनलवर टाक. आणि पुढचं लिहिताना लोककवी वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात ‘वामन’ गुंफायचे, तसं नाव गुंफ. फाईलचं नाव कुणीही बदलतो, कडवं कापायला कुणी बसत नाही.

आता त्या कंपनीचं. २०१२च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदा सांगतो की गीतकार-संगीतकाराने हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीतला समान वाटा सोडता येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटीलाच, म्हणजे आपल्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेलाच, तो देता येतो. शब्द तुझे, चाल तुझी. त्यांच्या कागदात ‘सर्व हक्क कायमचे’ असं काही असेल तर मला दाखव. रविवारी घरीच आहे. कागद आण, सही करून आणू नकोस.

तुझा,
काका