म्युऑन या इलेक्ट्रॉनसारख्याच पण जड कणाच्या चुंबकीय आघूर्णासारखी (म्हणजे त्याच्या चुंबकत्वाच्या मापासारखी) एकच संख्या काढण्यात सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाची सारी कारकीर्द का जाते?

कारण प्रयोगाची अचूकता जसजशी वाढते, तसतसे सिद्धांताचे भाकीतही तितकेच काटेकोर करावे लागते, आणि प्रत्येक पुढच्या पायरीला लागणारे गणित अनेक पटींनी वाढत जाते. ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ मध्ये इलेक्ट्रॉनच्या अशाच संख्येसाठी काढलेली पहिली दुरुस्ती, सुमारे ०.००११६, एकाच फाइनमन आकृतीतून, म्हणजे कणांमधील एका संभाव्य प्रक्रियेच्या रेखाचित्रातून, मिळते. तोइचिरो किनोशिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाचव्या पायरीच्या गणनेत मात्र अशा १२,६७२ आकृत्या होत्या, आणि किनोशिता यांनी या प्रश्नाला कित्येक दशके दिली. ही चिकाटी मला फार मोलाची वाटते, कारण सिद्धांत आणि मोजमाप यांत खरी तफावत उरली, तर ती अद्याप न सापडलेल्या कणांची खूण ठरू शकते. एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यावी: म्युऑनच्या बाबतीत आज मुख्य अडचण या आकृत्यांची नसून क्वार्क आणि ग्लुऑन (प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते मूलकण) यांचा या संख्येत किती वाटा आहे हे काढण्याची आहे, आणि त्यामुळे २०२५ मध्ये जाहीर झालेले अमेरिकेतील फर्मीलॅब या प्रयोगशाळेचे मोजमाप सैद्धांतिक भाकिताच्या सुमारे चौपट अचूक आहे; लॅटिस पद्धतीवर (अवकाश-काळाची जाळी कल्पून संगणकावर केलेल्या गणनेवर) आधारलेल्या नव्या भाकिताशी ते सध्या जुळते.