बुडबुडे थांबले म्हणून बिअर फेकायची नसते

(गेल्या अंकात घरी बिअर करण्याच्या माझ्या नादाबद्दल लिहिलं, त्यावर आलेल्या पत्रांतली ही चार. मी सिएटलजवळ राहतो, नऊ वर्षं गॅरेजमध्ये हे उद्योग करतोय, केमिस्ट वगैरे नाही.)

पहिलीच बॅच आहे, पेल एल म्हणजे फिकट रंगाची बिअर. दोन दिवस एअरलॉकमधून (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) बुडबुडे आले आणि आता एकदम बंद. वासही कच्च्या हिरव्या सफरचंदासारखा येतोय. ओतून टाकू का? – एक वाचक, न्यू जर्सी

अरे बाबा थांब, काही ओतू नकोस! बुडबुड्यांवर विश्वास ठेवायचा नसतो, बादलीचं झाकण जरा सैल असेल तर गॅस तिकडूनच निघून जातो आणि आपण उगाच एअरलॉककडे बघत बसतो. हायड्रोमीटर घे, तो द्रवाची घनता मोजतो, साखर जितकी संपेल तितका आकडा खाली. सुरुवातीला ही घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, १.०५० असेल आणि शेवटी १.०१० च्या आसपास आली तर सव्वापाच टक्क्यांची बिअर झाली समज. पण एकदा मोजून भागत नाही, दोन-तीन दिवसांनी परत मोज, आकडा तोच आला तरच बाटल्या भर. सफरचंदाचा वास म्हणजे काम अर्धवट आहे, यीस्टला अजून आठवडाभर त्याच बादलीत राहू दे, बहुतेक वेळा ते स्वतःच निस्तरतं.

हे एवढं ठासून सांगतोय कारण मी माती खाल्लेली आहे. माझी तिसरी बॅच, घरी मित्र येणार म्हणून घाई, ग्रॅव्हिटी १.०२० ला असतानाच बाटल्या भरल्या आणि वर फेसासाठीची साखरही घातली, पाच गॅलनला सव्वाशे ग्रॅम, म्हणजे नेहमीचीच, पण आत आधीचीच साखर शिल्लक होती ना, बंद बाटलीत गॅस वाढतच गेला. सहाव्या रात्री दोन वाजता कपाटात धाड! मग पाच मिनिटांनी परत धाड. काचेचा एक तुकडा भिंतीत रुतलेला आणि बायकोच्या पैठणीच्या कव्हरवर चिकट पाणी. पैठणी वाचली, म्हणून मी हे लिहू शकतोय.

मी कोथरूडला राहते, मुलगा अमेरिकेतून किट पाठवतो म्हणतोय. इथे घरी करता येईल का? – एक वाचक, पुणे

ताई, नको. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, घरच्यापुरती का असेना. किटऐवजी त्याला येतानाचं तिकीट काढायला सांगा आणि दोघं मिळून ब्रूपबला, म्हणजे बिअर तिथेच बनवून देणाऱ्या पबला, जा. पुण्यात २००९ पासून, डूलाली नावाचं ब्रूपब सुरू झाल्यापासून, ताजी बिअर मिळतेय, आणि दुपारी गर्दी नसताना गेलात आणि नीट विचारलंत तर ब्रूअर लोक टाक्या दाखवतात असा माझा अनुभव आहे.

आणि अमेरिकेतही हे काही पहिल्यापासून चालत नव्हतं बरं का. १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली पण बिअर राहूनच गेली, ती पुढे पंचेचाळीस वर्षं. १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये जिमी कार्टरनी सही केली तेव्हा कुठे मोकळीक मिळाली: एका माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त मोठी माणसं असतील तर २००, आणि विकायची नाही. अलाबामा, मिसिसिपीत तर २०१३ उजाडलं.

आयपीए (इंडिया पेल एल) बिअरमधला ‘आय’ म्हणजे खरंच आपला इंडिया का? – एक वाचक, डॅलस

हो, पण ती जी गोष्ट सगळे बारमध्ये सांगतात ना, की साधी बिअर जहाजात नासायची म्हणून कुणीतरी जादा हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आयपीए शोधून काढली, ती फार ताणलेली आहे. लंडनच्या हॉजसन ब्रूअरीची पेल एल भारतात यायची हे खरं, पण पोर्टर नावाची काळी बिअरही यायची आणि तीही नीट पोचायची. १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ब्रूअर लोकांनी तो धंदा ओढून घेतला, त्यांच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ लागतो. हल्लीची लिंबू-संत्र्याच्या वासाची आयपीए मात्र अमेरिकन हॉप्सची, आमच्या वॉशिंग्टन राज्यातल्या यकिमा खोऱ्यातली. तिथली तोडणी नेमकी गणपतीच्या सुमारास येते, आणि गणपतीत मी बिअरच्या भांड्यांना हात लावायचा नाही असा घरात तह आहे, त्यामुळे ताजे ओले हॉप्स बऱ्याच वर्षी हुकतात.

मुलाकडे तीन महिने राहायला आलेय. तो दर दुसऱ्या शनिवारी गॅरेजमध्ये पातेली घेऊन असतो. हे व्यसन तर नाही ना? – एक आई, मुक्काम शार्लट, मूळच्या सांगलीच्या

काकू, तुम्ही एकदा त्याच्याशेजारी स्टूल घेऊन बसा. तुम्हाला त्यातलं सत्तर टक्के आधीच येतं. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्व करता ना, बार्लीचं तेच केलं की माल्ट. मोडामुळे धान्यात जे तयार होतं ते पिठाची साखर करतं, त्यासाठी तो ते भरड माल्ट ६६ डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवतो, फार तापवलं तर ते मरतं म्हणून सारखा थर्मामीटर घेऊन उभा असतो. मग पुरणाच्या डाळीचा कट काढतो तसं ते गोड पाणी काढायचं. त्याच्याकडे कापडी पिशवी असेल तर ती चक्का टांगतात तशी टांगलेली दिसेल, खाली टप टप. मग हॉप्स घालून तासभर उकळायचं, झटकन गार करायचं, यीस्ट घालायचं. बाकी सगळं यीस्ट करतं, आपण भांडी घासतो, आणि खरं सांगतो, निम्मा शनिवार त्यातच जातो.

पिऊन बघायला पुढे चार आठवडे. ज्याला प्यायची घाई आहे तो दुकानात जातो हो, एवढा थांबत नाही. तरी फ्रिजमधल्या बाटल्या किती दिवसांत संपतात तेवढं बघत राहा, आई म्हणून तो हक्क आहेच, आणि रोज संध्याकाळी दोन-तीन जात असतील तर छंदाचं नाव सांगू देऊ नका.

आणि पिशवीतला चोथा टाकू देऊ नका. हॉप्स त्यानंतर पडतात, त्यामुळे तो कडू नसतो. त्याच दिवशी ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवायचा, एक दिवस ओला राहिला तर आंबतो, मग दळून चाळून घ्यायचा कारण टरफलं घशात टोचतात. तीन वाट्या भाजणीला एक वाटी. कांदा जरा सढळ हाताने, आणि तेल नेहमीपेक्षा चमचाभर जास्त, नाहीतर थालीपीठ कोरडं होतं.