दान केलेले कपडे जातात कुठे?

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलंय: ‘गॅरेजमध्ये गाडी मावत नाही. दर वर्षी पिशव्या भरभरून कपडे दान करतो, तरी घर पुन्हा भरतंच. काय करावं?’

ताई, दान करता हे चांगलंच. पण दानाचे कपडे विकणाऱ्या तिथल्या दुकानांत जे खपत नाही, त्यातलं बरंचसं गठ्ठे बांधून परदेशी रवाना होतं. घानाची राजधानी अक्रा, तिथला कांतामांतो बाजार अशाच गठ्ठ्यांवर चालतो आणि तिथेही न खपलेलं नाल्यांतून समुद्रकिनारी साचतं. जुने लोकरी कोट, स्वेटर आपल्या पानिपतलाही येतात. तिथे बायका बटणं, चेन कापून काढतात, रंगवार ढीग लावतात; मग यंत्रात चिंध्या पिंजून सूत काढतात आणि स्वस्त ब्लँकेटं विणतात. दानानं आपलं कपाट मोकळं होतं, वस्तूचा भार दुसऱ्याच्या दारात जातो. लगाम घालायचा तो खरेदीलाच.

‘फ्री रिटर्न’वरही विसंबू नका. परत आलेली वस्तू तपासून, नव्यानं बांधून विकणं परवडलं नाही, तर ती बऱ्याचदा कचऱ्यात जाते. न खपलेला माल नष्ट करण्याविरुद्ध फ्रान्सला २०२० मध्ये कायदा करावा लागला.

भारतवारीच्या नावाखाली नोव्हेंबरच्या सेलमध्ये होणारी खरेदी मला सर्वांत जास्त खटकते. चॉकलेटं, परफ्यूम, टी-शर्ट हे सगळं आज पुण्या-नाशकात मिळतं. आधी फोन करून विचारा, काय हवंय ते. बॅग अर्धी रिकामी राहिली तर राहू द्या.

मुलींची परकर-पोलकी गणपतीला एकदा घातली की पुढच्या वर्षी आखूड होतात. शिवायला टाकतानाच परकराला रुंद दुमड घालायला आणि पोलक्याच्या शिवणीत माया ठेवायला सांगा. उसवून सोडलं की आणखी एखादं वर्ष सहज निघतं. मग मंडळाच्या कार्यक्रमात अशा कपड्यांसाठी एक टेबल मागून घ्या, प्रत्येकाला वय आणि माप लिहिलेली चिठ्ठी लावा. वापरलेलं द्यायला-घ्यायला संकोच वाटतो, कळतं मला. पण थोरल्या भावंडांचे कपडे घालूनच आपल्यातले कितीतरी जण वाढले, त्यात कुणाचं काही कमी झालं नाही.

मिक्सर बंद पडला तर लगेच नवा मागवू नका. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली सुरू झालेले रिपेअर कॅफे आता अमेरिकेतही ठिकठिकाणी भरतात. जाणकार स्वयंसेवक तुमच्यासोबत बसून वस्तू दुरुस्त करायला मदत करतात. गावच्या लायब्ररीत चौकशी करा, आणि जाताना मुलांनाही घेऊन जा.