फोर्ड मॉडेल टी या जुन्या मोटारीची चासी (गाडीचा खालचा सांगाडा) लांबवून तिचा एक टनी ट्रक खरंच करत असत का?

हो, करत असत, आणि त्यासाठी अमेरिकेत 1910 च्या दशकात तयार किट विकत मिळत. शिकागोचं 'स्मिथ फॉर्म-अ-ट्रक' हे त्यातलं गाजलेलं. पण नुसती चासी लांबवून वजन पेलत नाही, खरी करामत मागच्या ॲक्सलमध्ये, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या आसात, होती. मूळ गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 100 इंच, इंजिन जेमतेम 20 अश्वशक्तीचं. किटमध्ये जाड पोलादी चॅनेलची नवी फ्रेम जुन्या फ्रेमला बोल्टने जोडून मागे वाढवत. फोर्डच्या मूळ मागच्या ॲक्सलची चाकं काढून तिथे लहान स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) बसवत, आणि चेनने मागच्या नव्या, दणकट ॲक्सलवरची भरीव टायरची चाकं फिरवत. त्यामुळे दोन कामं साधत: भार नाजूक ॲक्सलवरून उतरे, आणि वेग कमी होऊन ओढ वाढे. 1917 मध्ये फोर्डने स्वतःच मॉडेल टीटी ही ट्रकची चासी आणली, सुमारे 124 इंच व्हीलबेसची आणि वर्म गिअरच्या (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरच्या) मागच्या ॲक्सलची.

आज कुणी असं करणार असेल, तर आधी ब्रेकचा विचार करा. मॉडेल टीचा पायाचा ब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्समध्ये लागतो. चेन तुटली तर तो गाडी थांबवू शकत नाही. भरलेल्या गाडीला मागच्या चाकांवर स्वतंत्र ब्रेक हवेतच. आणि मूळ फ्रेम कृपया कापू नका, बोल्टने जोडलेलं पुन्हा काढता येतं.