व्हिसलर (विजेच्या कडाडण्यातून उठणाऱ्या, रिसीव्हरवर शिटीसारख्या ऐकू येणाऱ्या रेडिओ लहरी) जमिनीवरही ऐकू येतात, मग उपग्रह कशाला? आणि त्याच्या नोंदीत नैसर्गिक काय, यंत्राचं काय, हे कसं ओळखायचं?

पहिला प्रश्न मी आमच्या गटातल्या एका सरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. त्यांची हयात जमिनीवरच्या अँटेनांमध्ये गेलेली. आम्ही डेमेटरच्या (फ्रान्सचा उपग्रह, 2004 ते 2010, उंची सुमारे 700 किमी) रात्रीच्या नोंदी बघत होतो. स्पेक्ट्रोग्रामवर (वेळेनुसार कोणत्या वारंवारितेला किती जोर ते दाखवणारं चित्र) एक दाट पट्टा, खालची कड सुरीने कापल्यासारखी.

"आपल्या स्टेशनवर हे येत नाही. उपग्रहाच्या इलेक्ट्रॉनिक्सची घाण आहे, काढून टाक."

"सर, कड सरकतेय बघा."

उपग्रह पुढे जाईल तशी ती कड हळूहळू वर चढत होती, आणि व्हिसलर आला की पाठोपाठ पट्टा उजळायचा. उपग्रहातल्या सर्किटला खाली वीज कडाडल्याचं काय सोयरसुतक?

तो लोअर हायब्रिड नॉइज होता, म्हणजे उपग्रहाभोवतीच्या प्लाझ्मातल्या (विद्युतभारित कणांच्या वायूतल्या) नैसर्गिक लहरी. 1962 साली सोडलेल्या कॅनडाच्या अलूएत-1 ने साठच्या दशकातच तो टिपला होता. त्याची कड भोवतालच्या प्लाझ्मावर ठरते: हायड्रोजनचे आयन वाढले की वर, ऑक्सिजनचे वाढले की खाली. या लहरी चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ काटकोनात असतात, त्यामुळे खाली पोहोचतच नाहीत. प्रोटॉन व्हिसलरचंही तेच: काहीशे हर्ट्झमध्ये वर चढत जाणारा सूर, जो फक्त उपग्रहालाच मिळतो. साध्या व्हिसलरमधलेही बहुतेक करून जे डक्टमधून (चुंबकीय रेषांच्या बाजूने जाणाऱ्या नळीसारख्या वाटांमधून) येतात तेवढेच जमिनीवर उतरतात, आणि दिवसा आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा डी थर त्यांनाही बराच गिळतो. म्हणजे जमिनीवरून दिसतं ते उरलंसुरलं. "खाली दिसत नाही म्हणजे खोटं" हा हट्ट आहे, विज्ञान नाही.

सरांनी तो पट्टा अहवालातून वगळायला लावलाच.

म्हणून सांगतो, सॉफ्टवेअरने "नॉइज" असा शिक्का मारण्याआधी नोंद स्पीकरवर लावून ऐका. कोरस (पक्ष्यांच्या किलबिलाटासारखा), हिस (सतत फुसफुसणारा), व्हिसलर कानाला लगेच कळतात. कोणी सीनियर काढून टाक म्हणाला, तर कड का सरकते ते आधी त्यालाच विचारा.

अर्थात, सरकत नाही ते सगळं यंत्राचंच असं नाही. 19.8 किलोहर्ट्झवरची सरळ रेघ ऑस्ट्रेलियातल्या एनडब्ल्यूसी या जमिनीवरच्या रेडिओ ट्रान्समीटरची असते. आणि हो, डेमेटरच्या सर्व्हे मोडमधल्या (नेहमीच्या, कमी तपशिलाच्या) नोंदी ऐकता येत नाहीत, ऐकू येणाऱ्या वारंवारितांचे त्यात नुसते स्पेक्ट्रम आहेत. ऐकायला बर्स्ट मोडच्या (पूर्ण तपशिलाच्या) फाइली घ्या.