छोट्या गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा इतिहास लिहायचा आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही अमेरिकेतल्या एका लहान गावात राहता आणि तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा इतिहास लिहायला घेतलाय. हाताशी स्थापनेचं वर्ष, मोठ्या आगींच्या काही बातम्या आणि बंबापुढे उभ्या असलेल्या माणसांचे फोटो आहेत, आणि यातून गोष्ट उभी राहत नाही, असं तुम्ही म्हणता. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आगींची यादी तूर्त बाजूला ठेवा. दोनच प्रश्न धरून बसा: पाणी कुठून यायचं, आणि माणसं कशी गोळा व्हायची?

पाण्यासाठी सॅनबॉर्न कंपनीचे जुने नकाशे बघा. ही कंपनी 1867 मध्ये सुरू झाली. आगीचा विमा उतरवणाऱ्यांसाठी तिने अमेरिकेतल्या हजारो गावांचे नकाशे काढले, आणि त्यातले पुष्कळसे लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी. पाण्याचे नळ कुठून जातात, हायड्रंट (आग विझवायला पाणी घेण्याचे रस्त्यावरचे नळ) कुठे आहेत, बंबाची शेड कुठल्या कोपऱ्यावर आहे, सगळं त्यात दाखवलेलं असतं. एकाच गावाचे वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले की पिवळ्या इमारतींची अख्खी रांग नाहीशी झालेली आणि तिच्या जागी गुलाबी आलेली कधीकधी दिसते. तिथे आग लागली होती का, हे त्या दोन वर्षांमधल्या वर्तमानपत्रांत शोधायचं.

माणसांचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. बंब हाताने चालवायचे त्या काळात पंपाच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची रांग लागे आणि काही मिनिटांत ती थकून जाई. म्हणून सभासद भरपूर लागत. पुढे वाफेचे बंब आले, तेव्हा तेवढ्या हातांची गरज उरली नाही आणि मोठ्या शहरांनी पगारी दलं उभी केली. सिनसिनाटीने 1853 मध्येच. लहान गावाला वर्षातून थोड्याच वेळा लागणाऱ्या आगीसाठी पगार परवडत नव्हता, तिथे स्वयंसेवकच राहिले. आजही अमेरिकेतल्या अग्निशमन जवानांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्वयंसेवक आहेत.

ही माणसं बांधून कशी ठेवली जात, हे सभांच्या इतिवृत्तांत आणि जमाखर्चाच्या वह्यांत सापडतं. बेंजामिन फ्रँकलिनने 1736 मध्ये फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली. तिच्यात प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि घरातलं सामान बाहेर काढायला पिशव्या कायम तयार ठेवायच्या, असा करारच होता. महिन्याच्या सभेला न येणाऱ्याला छोटासा दंड होई आणि त्या पैशातून बंब, शिड्या, जळतं बांधकाम ओढून पाडायचे आकडे घेतले जात. तुमच्या गावच्या वहीतही दंडाचं पान शोधा. कोण चुकला, कोणाला माफी मिळाली, वर्गणी कुठून आली, नवी होस (पाणी मारायची लांब नळी) घ्यायला पैसे कसे जमवले, यातून गाव जितकं कळतं तितकं कुठल्याही गौरवपर भाषणातून कळत नाही.

होसवरून आठवलं. शेजारच्या गावांची मदत कधीपासून यायला लागली आणि त्यांच्या होसचे जोड तुमच्या हायड्रंटला बसत होते का, हे जरूर तपासा. 1904 च्या बाल्टिमोरच्या आगीत बाहेरच्या शहरांतून बंब धावून आले, पण अनेकांचे जोड तिथल्या हायड्रंटला बसेनात. दीड हजारांवर इमारती गेल्या. त्यानंतर जोडांचं माप एक करण्यावर देशभर जोर आला, तरी सगळीकडे ते लगेच बदललं नाही.

आणि माणसांना बोलावणं. आधी चर्चची घंटा, मग भोंगा, मग पेजर. पेजर येण्याआधी बऱ्याच गावांत आगीचा फोन काही ठरावीक घरांत एकदम वाजायचा. पुरुष कामावर गेलेले असत, त्यामुळे तो बऱ्याचदा घरातली बाई उचलायची, पत्ता लिहून घ्यायची, भोंग्याचं बटण दाबायची आणि बाकीच्यांना फोन लावत बसायची. सभासदांच्या यादीत तिचं नाव बहुधा नसतं. अशा कोणी आजी गावात असतील तर नकाशे आणि वह्या नंतर बघा, आधी त्यांच्याकडे जा. फोन कुठल्या खोलीत होता, शेजारी कागद-पेन्सिल असायची का, रात्री-अपरात्री वाजला तर मुलांना कोण बघायचं, हे विचारा आणि त्यांच्या परवानगीने सगळं रेकॉर्ड करून ठेवा.